तुमचा लॅपटॉप, तुमची पट्टी

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ऑफिसात नुसतं म्हणून बघा, 'कराओके करू या का?' लगेच तीन पार्ट्या पडतात. पहिली पार्टी 'वॉव, सही!' म्हणणारी. ही मंडळी बाथरूममध्ये, बाइकवर, लिफ्टमध्ये, कुठेही गातात. दुसरी पार्टी 'तुम्ही गा रे, मी ऐकतो' म्हणणारी. आणि तिसरी पार्टी म्हणजे तो एकटा बिचारा, ज्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. कारण त्याच्याकडे बरा लॅपटॉप असतो, घरी दोन स्पीकर असतात आणि 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' हे वाक्य त्याच्या कपाळावर छापलेलं असतं.

आजचा कॉलम त्या तिसऱ्या पार्टीसाठी.

आमच्या ग्रुपमध्ये ती तिसरी पार्टी म्हणजे मी. कुणाचं फेअरवेल, कुणाची हळद, कुणाच्या सोसायटीतली कोजागिरी... लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मी हजर. यात पैसे मिळत नाहीत, जेवण मात्र चांगलं मिळतं. आणि बॉस, माणसं जाम कळतात! कोण माइक सोडत नाही, कोण माइकला हात लावत नाही, कोण दुसऱ्याच्या गाण्यात मोबाइल बघतो... सहा महिन्यांच्या अप्रेझलमध्ये जे कळत नाही ते दोन तासांत कळतं.

रिकामा ऑर्केस्ट्रा

आधी थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षा नाही.

कराओके हा शब्द जपानी. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा 'ओकेसुतोरा'चा, म्हणजे ऑर्केस्ट्राचा शॉर्टकट. रिकामा ऑर्केस्ट्रा! वाजवणारे सगळे जागेवर, गाणारा तेवढा गायब. आणि गंमत बघा, या प्रकरणाची सुरुवातही ऑफिसातल्या चेष्टेतूनच झाली. टोकियोत शिगेइची नेगिशी नावाचे गृहस्थ इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना चालवायचे. रोज गात गात कामावर यायचे. त्यांच्या इंजिनिअरने त्यावरून त्यांची फिरकी घेतली. साहेबांनी मनावर घेतलं नाही, उलट त्यालाच कामाला लावलं. माइक, स्पीकर, टेप डेक, सगळं एकत्र जोडायला सांगितलं. हा १९६७ सालचा 'स्पार्को बॉक्स'. हे नेगिशी जानेवारी २०२४ मध्ये वारले, वयाच्या १०० व्या वर्षी.

चार वर्षांनी, १९७१ साली, कोबे शहरात दाइसुके इनोउए या बारमध्ये वाजवणाऱ्या कलाकाराने आपलं वेगळं मशीन काढलं. नाव '८ ज्यूक'. नाणं टाका, गाणं गा. अशी ११ मशिन्स बनवून त्याने ती बारना भाड्याने दिली. नेगिशींनी पेटंट घेतलं नाही, इनोउएनेही नाही. पेटंट मिळवलं ते फिलिपिन्सच्या रोबेर्तो देल रोसारियो यांनी, त्यांच्या 'सिंग अलाँग सिस्टिम'साठी, १९८० च्या दशकात. इनोउएला काय मिळालं? २००४ साली इग नोबेल, म्हणजे हसता हसता विचार करायला लावणारं नोबेल, तेही शांततेचं! कारण काय, तर माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग त्याने शोधून काढला. ज्याने शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राचं गाणं पूर्ण ऐकलंय, त्याला हे पटेल.

फाइल-फाइलमधला फरक

आता लॅपटॉप उघडा. कराओकेची फाइल म्हणजे नुसतं बिनगाण्याचं म्युझिक नव्हे. शब्दही हवेत, आणि ते वेळेवर हवेत. यासाठी जगात तीन-चार प्रकार आहेत.

पहिला, मिडीवाला. एक्स्टेंशन 'डॉट केएआर'. यात आवाज साठवलेलाच नसतो. कुठला सूर, किती वेळ, कुठल्या वाद्यावर वाजवायचा एवढ्या सूचना असतात आणि सोबत शब्द. फाइल काही केबींची. लॅपटॉप त्या सूचना वाचून स्वतः वाजवतो, त्यामुळे एकाच फाइलचा आवाज प्रत्येक मशीनवर वेगळा. कधी ऑर्केस्ट्रा, कधी मोबाइलची जुनी रिंगटोन!

दुसरा, 'एमपीथ्री प्लस जी'. याचा फंडा मस्त आहे. ऑडिओ सीडीवर गाण्याबरोबर थोडी जास्तीची जागा असते, तिला सबकोड म्हणतात. तिच्यातले सहा चॅनेल एरवी रिकामेच पडलेले. त्यात चित्रं भरली आणि झाली 'सीडी प्लस जी', म्हणजे ग्राफिक्सवाली सीडी. सीडीची फाइल करताना एकाच्या दोन होतात. एक एमपीथ्री आणि दुसरी 'डॉट सीडीजी'. पडद्यावरची अक्षरं २८८ बाय १९२ पिक्सेलमध्ये, १६ रंगांत. हल्लीच्या मोठ्या टीव्हीवर ती अगदी कॅरम बोर्डाएवढी दिसतात, पण लांबून वाचता येतात हे महत्त्वाचं. इथे एकच नियम, दोन्ही फाइलींचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. एमपीथ्रीचं नाव बदललं आणि दुसरीचं राहिलं, की गाणं वाजतं आणि पडदा कोरा. तेव्हा नाव बदलायचं तर दोघींचं बदला, नाही तर दोघींना एका झिपमध्ये कोंबून ठेवा. कराओकेची बहुतेक सॉफ्टवेअर झिप सरळ वाजवतात.

तिसरा, आपल्याकडे हिंदी-मराठीसाठी सगळ्यात जास्त फिरणारा, म्हणजे एमपीफोर व्हिडिओ. शब्द चित्रातच रंगवलेले. भानगड नाही, कुठेही चालतो. पण शब्दात चूक असेल तर ती जन्मभराची.

आणि चौथा, गरिबाचा पण हुशार प्रकार. 'डॉट एलआरसी'. नोटपॅडमध्ये लिहिता येणारी साधी फाइल. प्रत्येक ओळीच्या आधी चौकोनी कंसात मिनिटं आणि सेकंद, पुढे शब्द. युनिकोडमध्ये सेव्ह केलं की देवनागरी झकास दिसते. ज्या मराठी भावगीताला शब्दवाला ट्रॅक मिळत नाही, त्याला अर्ध्या तासात घरच्या घरी शब्द बसवता येतात.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका. 'ओपन केजे' फुकट आहे, विंडोजवरही चालतं. गाणाऱ्यांची रांग, पट्टी बदलणं, दुसऱ्या पडद्यावर शब्द, सगळं आहे. पैसे देऊन घ्यायची तर 'कॅराफन'सारखी सर्व्हिस आहे. निवडताना दोनच प्रश्न विचारा. यात रांग लावता येते का? आणि वाजत्या गाण्याची पट्टी बदलता येते का?

वायरींचा गुंता

नव्वद टक्के कराओके पार्ट्या गाण्यामुळे नाही, वायरींमुळे बोंबलतात. (हा आकडा माझ्या पोटातून आलाय, पण कुठल्याही साउंडवाल्या दादाला विचारा.)

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे माइक सरळ लॅपटॉपला लावणे. लॅपटॉप आवाज आत घेतो, छोट्या छोट्या तुकड्यांत साठवतो आणि मग बाहेर सोडतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला ५१२ सॅम्पलचा एक तुकडा म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद. आत येताना तेवढे, बाहेर जाताना तेवढे, मधे विंडोजचा स्वतःचा टोल नाका. सगळं मिळून गाणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो. मग तो थांबतो, मग लय सुटते, मग सगळे म्हणतात, 'याला ताल नाही रे.' ताल असतो हो त्याला, वायर चुकीची असते!

उपाय सिंपल. चार-पाच चॅनेलचा छोटा मिक्सर. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून केबल मिक्सरला, माइकही मिक्सरला, मिक्सरमधून स्पीकरला. लॅपटॉपने फक्त ट्रॅक वाजवायचा. आवाज लॅपटॉपच्या वाटेला जातच नाही, त्यामुळे उशीर नाही. सोसायटीत आहुजाचा अँप्लिफायर पडलेला असेल तर त्याला माइकची आणि लाइनची भोकं वेगवेगळी असतात, तेही चालेल.

ब्लूटूथ स्पीकर? शक्यतो नको. ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त मागे पडतो. म्हणजे पडद्यावरचे शब्द पुढे, गाणं मागे. वायर लावा. वायर दिसायला डाउनमार्केट, पण वेळेची पक्की.

मग ती जगप्रसिद्ध शिट्टी. 'कुंईईई!' माइकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर, तोच परत माइकमध्ये, परत स्पीकरमध्ये. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे आणि तोंड प्रेक्षकांकडे, माइक कायम स्पीकरच्या मागे. एवढं पाळलं तरी अर्धी शिट्टी जाते. उरलेली अर्धी रॅपर मंडळींमुळे येते, जी माइकची जाळी मुठीत धरतात. जाळी झाकली की माइक सगळीकडचा आवाज ओढायला लागतो. माइक दांडीला धरायचा असतो, आइस्क्रीमच्या कोनासारखा.

लॅपटॉपला चार्जर लावल्यावर स्पीकरमधून 'घूंऽऽ' येतं का? तो विजेच्या अर्थिंगचा प्रताप. पार्टीपुरतं बॅटरीवर चालवा किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा डबा मधे लावा. काहीही झालं तरी प्लगची तिसरी पिन तोडायची नाही. घूं परवडलं, शॉक नाही.

आणि पडदा. विंडोजची की दाबून 'पी' दाबा आणि 'एक्स्टेंड' निवडा, 'डुप्लिकेट' नाही. तुमच्या स्क्रीनवर रांग, भिंतीवर फक्त शब्द. नोटिफिकेशन बंद, मेसेंजर बंद, मेल बंद. नाही तर ऐन कडव्यात 'भाजी फ्रिजमध्ये ठेवलीये, गरम करून घे' हा आईचा मेसेज आठ फुटी भिंतीवर झळकतो. तोही परवडला. भिंतीवर रिक्रूटरचा मेल झळकला आणि समोर बॉस बसला असेल तर?

पट्टी बदला ना राव

आता खरी गोष्ट. माणसं वाईट गातात त्याचं मोठं कारण म्हणजे ती दुसऱ्याच्या पट्टीत गातात. लताबाईंच्या पट्टीत आपला सेल्स मॅनेजर गायला लागला तर त्याच्या गळ्याच्या शिरा दिसणारच.

आपल्या पेटीवाल्या काकांचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडतो. पुरुष साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाचच्या. काळी एकपासून काळी चारपर्यंत पेटीवर मोजा, काळ्या-पांढऱ्या मिळून सात पायऱ्या होतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सात सेमिटोन. 'की' लिहिलेल्या बटणावर एक टिचकी म्हणजे एक पायरी. वेग तोच राहतो, सूर वर-खाली होतो. दोन-तीन पायऱ्यांपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. त्यापुढे ढोलक डबा वाटायला लागते आणि व्हायोलिन आजारी. म्हणून लांबची उडी असेल तर त्या पट्टीत बनवलेलाच ट्रॅक शोधा. बरेच ट्रॅकवाले एकाच गाण्याचे 'मेल स्केल' आणि 'फीमेल स्केल' असे दोन ट्रॅक ठेवतात.

माझी पद्धत सांगते. गाणाऱ्याला आधी बाजूला घेऊन मुखडा नव्हे, गाण्यातली सगळ्यात उंच ओळ गुणगुणायला लावायची. ती आरामात लागली की पट्टी बरोबर. मग फाइलच्या नावातच लिहून ठेवायचं, गाणं, कोण गाणार, किती खाली. पुढच्या पार्टीत तो माणूस आला की त्याची पट्टी तयार. चष्म्याच्या नंबरसारखी!

रांगेत कोण?

मागच्या वर्षी एका कंपनीच्या अॅन्युअल पार्टीला मी लॅपटॉप घेऊन गेले होते. मैत्रीण तिथे एचआरमध्ये. तिने एकदम प्रोफेशनल काम केलेलं. आठ दिवस आधी फॉर्म पाठवला, नाव, गाणं, सोलो की ड्युएट, सगळं भरून घेतलं. बावीस नावांची एक्सेल शीट माझ्या हातात.

मी वायरी जोडत होते तेव्हा पँट्रीतले मामा चहा घेऊन आले. कप ठेवला आणि तिथेच घुटमळले.

'ताई, ह्याच्यात बाबूजींचं काय आहे का?'

बाबूजी म्हणजे सुधीर फडके. मी फोल्डर उघडला. त्यांना हवं होतं ते गाणं होतं. थोडं वाजवलं. मामांनी डोळे मिटले, दोन क्षण ऐकलं आणि म्हणाले, 'ही पांढरी चार दिसते. दोन उतरवा. मी काळी दोनला गातो.'

बावीस जणांच्या शीटमध्ये 'तुमची पट्टी कुठली' याचं उत्तर देऊ शकणारा एकही नव्हता. गावाकडे भजनी मंडळात पेटी वाजवायचे, म्हणाले. मी बटण दोनदा दाबलं, पांढरी चारवरून काळी दोन.

'तुम्ही नाव दिलं नाही का फॉर्ममध्ये?'

'फॉर्म मेलवर आला होता ना, ताई. आम्हाला मेल नसतो.'

बघा, कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. फॉर्म कंपनीच्या ईमेल आयडींवर गेला, आणि पँट्री, हाउसकीपिंग, सिक्युरिटी ही सगळी कॉन्ट्रॅक्टवरची माणसं, त्यांना आयडीच नाही. रांगेत टाइप करायला मी त्यांना पूर्ण नाव विचारलं. मैत्रीण धावत आली. 'अगं, ते लिस्टमध्ये नाहीयेत. व्हीपी सर बसलेत समोर, काही झालं तर मला ऐकावं लागेल.' तिचंही चुकत नव्हतं, तिचं प्रोबेशन चालू होतं. मी म्हटलं, 'विचारलंच कुणी, तर सांग की रांग लॅपटॉपवाली लावते.'

पाचव्या नंबरला पडद्यावर मामांचं नाव आलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हॉलमधले अर्धे लोक इकडे तिकडे बघायला लागले, हा कोण नवीन जॉइन झाला? मग मामा पुढे आले. गाणं अगदी ग्रेट झालं असं नाही सांगणार, दुसऱ्या कडव्यात त्यांची एक ओळ पुढे-मागे झाली. पण सूर म्हणाल तर एकही हलला नाही. चार वर्षं त्या मजल्यावर चहा देणाऱ्या माणसाचं आडनाव त्या संध्याकाळी कळलं, असं मला नंतर तीन जणांनी येऊन सांगितलं. मैत्रिणीला कुणी काही बोललं नाही. यंदाच्या फॉर्मची एक छापील प्रत पँट्रीच्या दारावर चिकटवलेली आहे आणि सोबत दोरीला बांधलेलं पेन.

म्हणून सांगते, लॅपटॉप ज्याच्या हातात त्याच्या हातात रांग असते, आणि ही साधी गोष्ट नाही. माझे नियम ठरलेले आहेत. सगळ्यांचं एक झाल्याशिवाय कुणाचं दुसरं नाही, मग तो बॉस असो की बॉसची बायको. पहिलं गाणं ग्रुपमधल्या सगळ्यात भारी गायकाला द्यायचं नाही, नाही तर बाकीच्यांचे पाय लटपटतात. ते बेधडक बेसूर गाणाऱ्याला द्या. आणि जो लाजतोय त्याला ओढून आणू नका, ड्युएटमध्ये घ्या. दोन माइक असले की भीती निम्मी होते.

गाण्यातून गायक काढणे

'पण मला पाहिजे ते गाणं कराओकेमध्ये मिळतच नाही!' ही तक्रार जुनीच. त्यावर जुनी जादूही होती. स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध असतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये सारखाच. एक चॅनेल उलटा करून दुसऱ्यात मिसळला की जे सारखं ते पुसलं जातं. गायक गायब! पण मधोमध उभा असलेला बेस आणि ड्रमही त्याच्याबरोबर जातो. आणि आपली जुनी गाणी मोनो, दोन्ही चॅनेल सारखे. तिथे ही जादू केली की गायकासकट अख्खा ऑर्केस्ट्रा जातो आणि उरते शांतता.

आता चित्र पालटलंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने 'स्प्लीटर' नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं करून दिलं. फेसबुकच्या संशोधकांचं 'डीमक्स' त्याच सुमाराचं. हजारो गाणी ऐकवून यांना शिकवलेलं असतं की माणसाचा आवाज कसा असतो, ढोलाचा कसा. मग गाणं मोनो असलं तरी ते आवाज वेगळा काढतात, साध्या लॅपटॉपवर, काही मिनिटांत. याच जातीच्या तंत्राने जॉन लेननचा आवाज १९७० च्या दशकातल्या घरगुती कॅसेटमधून सोडवून काढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचं 'नवं' गाणं बाजारात आलं. आपल्या जुन्या रेकॉर्डवर मात्र कधी कधी बासरीलाच बाई समजून उडवतात. चालायचंच.

आणि इथेच मी जरा सीरियस होते.

पुण्यामुंबईत, नागपुरात, कितीतरी कीबोर्डवाले घरातल्या एका खोलीत बसून जुन्या गाण्यांचे ट्रॅक नव्याने बांधतात. मूळ रेकॉर्ड शंभरदा ऐकायची, मेंडोलिनचा तुकडा कुठे, बासरी कुठून सुरू होते, सगळं कानाने काढायचं आणि एकेक वाद्य भरायचं. दिवसच्या दिवस जातात. मग तो ट्रॅक एका प्लेटभर बिर्याणीच्या किमतीत विकला जातो. एकदा. कारण घेणारा लगेच तो ग्रुपवर टाकतो, 'एन्जॉय, गाइज!' पेन ड्राइव्हवर चार हजार गाणी फुकट फिरताना दिसतात ती अशी. आपण ऑफिसात ओव्हरटाइमच्या तासाचा हिशोब मागतो, आणि या माणसाच्या कामाचे पैसे द्यायचे म्हटलं की 'नेटवर फुकट आहे की' असं म्हणतो. मी ट्रॅक विकत घेते आणि ज्याला हवा असेल त्याला फाइल नाही, बनवणाऱ्याचा नंबर देते. तुम्हीही एवढं करून बघा.

कायद्याचंही थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, पण गीतकार-संगीतकारांचा शब्द आणि चालीवरचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालंच असं नाही. घरातल्या चार मित्रांना कुणी विचारत नाही. हॉटेलात, कंपनीच्या कार्यक्रमात जाहीरपणे वाजवायचं तर लायसन्स लागतं, त्यासाठी आयपीआरएस आणि पीपीएल या संस्था आहेत. लग्नसमारंभाला कायद्याने सूट दिलीय, ऑफिसच्या पार्टीला नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकारांना मिळालाच पाहिजे असं ठरलंय. तेव्हा हॉलवाल्याला आधीच विचारून घ्या, लायसन्स कुणाच्या नावावर?

आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरीला ते पाठ असतात.

जाता जाता...

बॅग भरताना हे तपासा:

– माइक दोन, केबल तीन. तिसरी केबल कारण एक नक्की दगा देते.

– गाणी लॅपटॉपवर. हॉलच्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

– सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करून घ्या. 'एमपीथ्री गेन' हे छोटं सॉफ्टवेअर क्वालिटीला धक्का न लावता ते करतं.

– स्लीप मोड बंद, स्क्रीन सेव्हर बंद, अपडेट पुढे ढकला.

– फाइलची नावं एकाच लिपीत लिहा. अर्धी देवनागरीत, अर्धी रोमनमध्ये असली की ऐनवेळी सर्चमध्ये काही सापडत नाही.

– रांगेतलं प्रत्येक नाव पूर्ण लिहा. आणि ज्यांच्याकडे फॉर्म पोचत नाही, त्यांना तोंडी विचारा.

आणि हो, ऑपरेटरनेही एक गाणं गायचं असतं. शेवटचं. मंडळी चपला शोधत असतात, आइस्क्रीम संपलेलं असतं, कुणाचं लक्ष नसतं. आपली पट्टी आपल्याला माहीत असते. बटण दाबायचं, एका हाताने वायर गुंडाळायची आणि दुसऱ्या हातात माइक. दांडीला धरून, बरं का!